पाहुण्यांच्या बाजूचा बाक

बाकावर टेकले, नीट बसते न बसते तोच खालून ऊब यायला लागली. आधी वाटलं भास आहे. मग वाटलं, मेले! झालं ते झालंच. एकाहत्तरावं सरलंय, गेल्या हिवाळ्यात डॉक्टरीणबाईंनी जाता जाता ‘या वयात होतं कधीकधी’ असं म्हणून ठेवलं होतं, तेच हे. भर आइस हॉकीच्या रिंकमध्ये, हंगामाच्या पहिल्याच शनिवारी, सगळं ट्रान्सकोना गाव आजूबाजूला बसलेलं असताना! मी हलले नाही. समोरच्या बर्फाकडे अशी बघत राहिले की जणू तिथं काहीतरी फार महत्त्वाचं चाललंय, आणि हळूच हातमोजा काढून बोटं बाकाला लावून बघितली. कोरडं होतं. कोरडं आणि गरम. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला, की अगं बाई, हे तर आपणच करून घेतलंय! मला इतकं हसू आलं की पुढच्या रांगेतली आयरीन वळून बघायला लागली. आयरीन म्हणजे आमच्या क्लबचं कँटीन चालवते ती, आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण.

“काय गं स्टेफा, एकटीच काय हसतेस?”

“बाक गरम आहे.”

“मग? त्यासाठीच तर राबलो ना उन्हाळाभर?”

“अगं, मला वाटलं, मीच...”

पुढचं बोलावं लागलं नाही. आयरीननं तोंडावर हात घेतला आणि खिदळत म्हणाली, “मलाही! मी तर बाथरूममध्ये जाऊन बघून आले!” दोघी म्हाताऱ्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मग ती फ्राइजच्या कढईकडे पळाली आणि मी पुन्हा एकटी राहिले. माझ्या मांडीवर घडी केलेलं कांबळं, शेजारी रिकामी जागा. हसू ओसरलं आणि त्या रिकाम्या जागेवरून मला एकदम कसंसंच झालं.

राबलो हे मात्र खरं. बर्फ करायचा म्हणजे काय, तर फरशीखालची उष्णता ओढून घ्यायची आणि कुठंतरी बाहेर फेकायची. आमचा क्लब बांधल्यापासून हेच करत आला. मागच्या भिंतीला गाडीच्या चाकापेक्षा मोठा पंखा, त्यातून ती सगळी उष्णता रात्रंदिवस उघड्या आभाळात, आणि आत पोरांच्या अंघोळीला आम्ही गॅस जाळतोय, बाकांवर बसून कुडकुडतोय. इतकी वर्षं हा वेडेपणा कुणाला दिसला नाही. बिलं भरवेनात, क्लबला कुलूप घालायची भाषा सुरू झाली, तेव्हा एकदम सगळ्यांना दिसायला लागला. ठरलं, की ती उष्णता पाइपातून परत आत आणायची. शॉवरला द्यायची, कपडे बदलायच्या खोल्यांना द्यायची. आणि उरलेली? ‘उरलेली बाकांखाली सोडा,’ असं म्हणणारी मीच. आयुष्यभर शाळेची बस चालवलेली बाई मी, माझा आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचतो. त्या कल्पनेपायी मी आणि आयरीननं चर्चच्या तळघरात इतके पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, वळले की अजून माझ्या बोटांना उकडलेल्या बटाट्याचा वास येतो. विकले, लोकांच्या गळ्यात मारले, नको म्हणणाऱ्याला दारात उभं राहून घ्यायला लावले. पाइप बसले. क्लब वाचला. आणि आता मी इथं, माझ्या स्वतःच्या कल्पनेवर बसून, खालून छान भाजून निघत होते.

आमच्याकडे बाकावर ज्याचं कांबळं त्याची जागा. कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण परगावचा माणूससुद्धा घडी केलेल्या कांबळ्यावर बसायची हिंमत करत नाही. माझी जागा तिसऱ्या रांगेत, मोठ्या घड्याळाच्या बरोबर खाली. तिथं आधी मी आणि मेट्रो बसायचो, माझा नवरा. मेट्रो गेला, त्यानंतर काही हिवाळे मी एकटीच बसले, कांबळं दुहेरी करून अंगाभोवती. दुहेरी कांबळ्यात थंडी कमी वाजते असं नाही. मग एका भयंकर शनिवारी, बाहेर श्वास घेतला तर नाकातले केस गोठत होते अशा दिवशी, लॉर्न थोरवाल्डसन येऊन माझ्यापासून एक माणूस सोडून बसला. त्याची नात आणि माझी नात टेसा एकाच संघात. त्याची पोर बचावाला, माझी गोलात. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, उंच, शांत, कानावर झाकणं असलेल्या टोपीतला माणूस. आणि त्याचे दात असे वाजत होते, असे वाजत होते, की मला खेळात लक्षच देता येईना. शेवटी मी कांबळ्याची दुसरी बाजू त्याच्या अंगावर फेकली. म्हटलं, “घ्या हो! आणि ते दात बंद करा, शिट्टी ऐकू येत नाही.” तो बिचारा “थँक यू” म्हणाला आणि कांबळं पुरावं म्हणून जरा सरकला.

बस, एवढंच. त्यापुढं दोन हिवाळे, दर शनिवारी. मी कांबळं आणायची, तो थर्मासमध्ये कॉफी. त्या कांबळ्याखाली काय झालं असं कुणी विचारेल तर काहीही झालं नाही. एकदा त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला आणि दोघांपैकी कुणाचाच गुडघा लगेच हलला नाही, इतकंच. पण खरी गोष्ट खेळ संपल्यावर व्हायची. कांबळं मोठं, एकट्यानं घडी होत नाही. मग तो दोन टोकं धरायचा, मी दोन टोकं, आणि आम्ही पायऱ्यांच्या मधल्या वाटेवर समोरासमोर उभे राहायचो. ताणून एकदा झटकायचं. मग एकमेकांकडे चालत यायचं, माझी टोकं त्याच्या हातात द्यायची, वाकून खालची घडी उचलायची, मागं जायचं, पुन्हा पुढं यायचं. प्रत्येक वेळी अंतर कमी. शेवटच्या घडीला त्याची बोटं माझ्या बोटांखाली असायची, गार, कातडी खरखरीत. तो काही बोलायचा नाही आणि मीही, म्हणजे मी, जी गप्प बसत नाही म्हणून मेट्रो रेडिओ मोठा करायचा ती मी, काही बोलायची नाही. घरी जाताना बसमध्ये मांडीवर ते कांबळं असायचं आणि मला ते उगीचच जड वाटायचं, आवडायचं.

आणि आता बाक गरम. थंडीच नाही म्हटल्यावर कांबळं कशाला, आणि कांबळंच नाही तर माझ्यासारख्या भांडखोर बाईशेजारी चिकटून बसायला लॉर्नला कारण काय उरलं? हे मला आज, बसल्यावर कळलं. उन्हाळाभर पेरोगी वळताना एकदाही डोक्यात आलं नाही! पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर एखादी शहाणी बाई छोटा घेईल. मी सगळ्या गावाकडून वर्गणी जमवून, तीस मीटर लांबीचा, पाइपासकट पाडून घेतला.

बरं, त्यानं नको म्हटलं नव्हतं असंही नाही. वसंतातली क्लबची सभा, हॉल भरलेला, सगळे हात वर करायला तयार, आणि हा मागच्या खुर्चीवरून उठला. कधी सभेत तोंड न उघडणारा माणूस. टोपी हातात गोल फिरवत म्हणाला, “बाकांखाली नको. बर्फ मऊ पडेल.” सगळे वळून त्याच्याकडे बघायला लागले. कारण हा माणूस जन्मभर डेअऱ्यांची शीतगृहं दुरुस्त करत हिंडलेला! बर्फाच्या बाजूची थंडी बर्फाकडे आणि बाकांखालची ऊब बाकांखाली, मध्ये ही जाड भिंत, हे आमच्या टेसालाही कळेल. मी उभी राहिले आणि म्हटलं, “लॉर्न, बर्फ नाही मऊ पडत, तुमचं डोकं मऊ पडलंय!” हॉल हसून हसून लोळला. तोही हसला, पण कान लाल झाले होते, आणि तो खाली बसला. लगेच दुसरा मुद्दा निघाला, की पाहुण्या संघाच्या बाजूलाही पाइप टाकायचे का? मी म्हटलं, “मुळीच नाही! ते खेळायला येतात, माहेरपणाला नाही. गारठू देत.” टाळ्या पडल्या. नदीपलीकडच्यांनी आम्हाला त्यांच्या रिंकमध्ये वर्षानुवर्षं दाराच्या फटीसमोर बसवलंय, त्यामुळे ते एकमतानं मंजूर झालं. सभा सुटल्यावर मी लॉर्नला शोधलं तर तो निघून गेलेला. मग उन्हाळा, तो गिम्लीला भावाकडे, सरोवरावर मासे धरत. मी इकडे पिठात. वाटलं होतं, नोव्हेंबर आला की येईल, बसेल, कॉफी ओतेल. नाही आला.

खेळ सुरू झाला. म्हणजे झाला असावा, कारण लोक ओरडले. माझं लक्ष दाराकडे. आजूबाजूला नुसती गंमत चालली होती. सगळे सवयीनं आलेले, आत लोकरी, वर लोकरी, त्याच्यावर बर्फगाडीवरची जाड विजार, आणि एकेक जण टोमॅटोसारखा लाल होत चाललेला. कोट निघाले, स्वेटर निघाले, मागच्या रांगेतल्या कुणा म्हाताऱ्यानं बूटही काढले आणि त्याच्या सुनेनं ते त्याला परत घालायला लावले. हसत होते सगळे, खूष होते. माझी पाठसुद्धा थोपटून गेले दोघं-तिघं, “वा स्टेफा, काय आयडिया काढलीस!” मी “हो ना” म्हणत होते आणि मला दिसत होतं की लोक पसरून बसलेत. दरवर्षी आम्ही बरणीतल्या लोणच्याच्या काकड्यांसारखे दाटून बसायचो, कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत, एका थर्मासला चार झाकणं. आज प्रत्येकाच्या शेजारी एक कोट बसला होता. माझ्याही शेजारी माझाच कोट. मी कांबळं अंगावर घेऊन बघितलं, हट्टानं. मानेवरून घाम ओघळला. काढलं. टेसानं म्हणे एक जबरदस्त गोल अडवला. आयरीननं नंतर सांगितलं.

मध्यंतराला मी बाहेर पडले. हवा हवी होती. पाय आपोआप मागच्या भिंतीकडे वळले, पंख्याकडे. आम्ही विशीत होतो तेव्हा ट्रान्सकोनातली सगळी प्रेमं तिथंच जमायची. आत रिंकमध्ये आईबाप, बाहेर हाडं फोडणारी थंडी, आणि मधोमध ती एक जागा, जिथं भर जानेवारीत गवत दिसायचं. पंख्यासमोर उभं राहिलं की पाठीवर कुणीतरी गरम फुंकर घालतंय असं वाटायचं. मेट्रोनं माझी टोपी काढून केसांत हात घातला तो तिथं. तेलाचा आणि लोखंडाचा वास येत होता, त्याचा का पंख्याचा ते अजून सांगता येणार नाही, रेल्वेच्या कारखान्यात होता तो. तो म्हणाला होता, “इथंच राहू या का आपण, घर-बिर नको.” आणि मी म्हटलं होतं, “मला भूक लागलीय.” असली मी! आता तिथं पंखा थांबलेला, आणि जमिनीवर पांढराशुभ्र बर्फ, एकही पाऊल न उमटलेला. वाईट वाटेल असं वाटलं होतं. पण उलट मला तो मेट्रोचा चेहरा इतका लख्ख आठवला, भुकेचं ऐकून पडलेला, की मी तिथं एकटीच मोठ्यानं हसले. मग कान झोंबायला लागले. झकास थंडी होती. मी हावरटासारखी ती नाकात ओढून घेतली आणि आत आले.

आत आले ती चुकून दुसऱ्या दारानं, पाहुण्यांच्या टोकाकडून. म्हणून दिसला. नाहीतर आम्ही तिकडे बघतच नाही. समोर, पाहुण्यांच्या बाजूला, सगळ्यात वरच्या रांगेत, कोपऱ्यात, कानांवर झाकणं असलेली टोपी. आधी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शत्रूच्या बाकावर! नदीपलीकडच्यांत! आमच्याकडे माणूस पक्ष बदलतो, चर्च बदलतो, पण बाजू बदलत नाही. एका शब्दाचा एवढा राग, की जाऊन तिकडे बसावं? दोन पायऱ्या चढून मी त्याला चांगलं सुनावणारच होते, आणि मग मला त्याच्या तोंडातून निघणारी वाफ दिसली. आमच्या बाजूला आज कुणाच्याच तोंडातून वाफ निघत नव्हती. तो काकडत होता. खांदे कानांपर्यंत वर घेतलेले, हात काखेत. थर्मास पायाशी. आणि त्याच्या शेजारी बाकावर त्याचे दोन्ही हातमोजे, एकाशेजारी एक, नीट मांडून ठेवलेले. या थंडीत कुठला माणूस हातमोजे काढून बाकावर ठेवतो? आमच्याकडे कांबळं नसलं की जागा हातमोज्यानं धरतात. तो समोर बघत होता, बर्फाच्या पलीकडे, आमच्या बाजूच्या घड्याळाकडे, असं कुणालाही वाटलं असतं. घड्याळाखाली काय आहे ते मला माहीत होतं. माझा कोट होता, आणि कांबळं.

मी उलट्या पावली फिरले. बर्फाला वळसा घालून आमच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत, कोट चढवला, कांबळं उचललं.  कँटीनसमोरून जाताना आयरीननं झारा हातात धरून मला अडवलं.

“कुठं निघालीस कांबळं घेऊन? खेळ सुरू होतोय.”

“जरा गार हवा खायला.”

“तिकडे? अगं, तिकडे ते लोक आहेत!”

“माणसंच आहेत ना?”

आयरीननं माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलं, वरच्या कोपऱ्यापर्यंत. मग माझ्याकडे. “बाई गं,” ती म्हणाली, आणि कागदी पुडीत फ्राइज भरून माझ्या हातात कोंबल्या. “दोघांना पुरतील. पळ.”

नदीपलीकडच्या आयांनी पाय बाजूला घेऊन मला वाट दिली, माझ्या जाकिटावरचा आमच्या क्लबचा बिल्ला बघून भुवया उंचावत. सगळं ट्रान्सकोना समोरून बघत होतं, मला पाठीवर कळत होतं. लॉर्ननं मला येताना बघितलं आणि तो एकदम आपल्या बुटांचं निरीक्षण करायला लागला. मी पोचेपर्यंत हातमोजे बाकावरून उचलून झाले होते. मी बसले. बाक असा थंडगार होता की माझ्या तोंडून “आई गं!” निघालं. किती बरं वाटलं ते काय सांगू. दात वाजत होते त्याचे. मी कांबळं उघडलं, त्याच्या खांद्यावर टाकलं, आणि माझ्याकडची बाजू मांडीखाली दाबून घेतली. टेसानं एक अडवला, आम्ही दोघंही ओरडलो, पुढच्या बाईनं वळून रागानं बघितलं. मी तिला फ्राइ दिली. तिनं घेतली.

शेवटी मला राहवेना. “लॉर्न, जन्मभर तुम्ही गारवा करायची यंत्रं दुरुस्त केलीत.”

“हं.”

“बाकाखालच्या उबेनं बर्फ मऊ पडत नाही.”

“नाही पडत.”

“माहीत होतं?”

“मला नाही तर कुणाला माहीत असणार?”

“मग सभेत उभे कशाला राहिलात? सगळे हसले तुम्हाला. मी तर सगळ्यांत जास्त.”

तो कॉफी ओतत होता. झाकण त्यानं माझ्या हातात दिलं. “दुसरं कारण सगळ्यांसमोर सांगता येण्यासारखं नव्हतं,” तो म्हणाला. मग टोपी कानांवर ओढत, “सरक जरा इकडे. वारा येतोय तुझ्या बाजूनं.”

मी सरकले. आमचा संघ हरला की जिंकला ते मला आयरीनला विचारावं लागलं. खेळ संपल्यावर आम्ही पाहुण्यांच्या पायऱ्यांवर कांबळं झटकलं, आणि शेवटच्या घडीला दोघांपैकी कुणीच घाई केली नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी क्लबची सभा झाली. बिलं निम्म्यावर आली म्हणून सगळे भलतेच उदार झाले होते. कुणीतरी म्हणालं, ऊब अजूनही उरतेय, आपल्याला नुसता घाम फुटतोय, तर पाहुण्यांच्या बाजूलाही पाइप टाकून देऊ या, काकडतात बिचारे, शोभत नाही आपल्याला. चांगली माणसं आहेत आमची, सगळीकडे हात वर जायला लागले. आयरीन तेवढी हात खाली ठेवून माझ्याकडे बघत होती. मागच्या खुर्चीवर लॉर्न टोपी गोल गोल फिरवत होता, कान लाल. मी उभी राहिले.  आणि शेवटच्या सीटपर्यंत पोचेल अशा आवाजात मी ठणकावून सांगितलं, “मुळीच नाही! बर्फ मऊ पडेल.”